पहिल्याच वर्षी वॉर्डात : विद्यार्थ्यांची मते आणि त्यांचा अर्थ

प्रश्न : मी वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात आहे. दर पंधरवड्याला आम्हाला वॉर्डात नेले जाते. पंचवीस जण एका खाटेभोवती उभे राहतो आणि मागच्यांना काहीच दिसत नाही. वर्गातील काहींना हा अनुभव फार मोलाचा वाटतो, काहींना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मला स्वतःला आजारी माणसासमोर काहीही न करता उभे राहण्याचा संकोच वाटतो. आता महाविद्यालयाने आमचे मत लेखी मागवले आहे. इतक्या लवकर रुग्णांपुढे जाऊन खरोखर काही साधते का, आणि आम्ही मत द्यावे तरी काय?

उत्तर : तुमच्या वर्गात पडलेले हे दोन तट मी वीस वर्षांहून अधिक काळ पाहत आलो आहे. मी मेडिसिन शिकवतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणण्याची आणि सत्र संपल्यावर त्यांचे अभिप्राय वाचण्याची जबाबदारी या काळात बहुतेक वर्षी माझ्याकडे होती. माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही तटांचे म्हणणे खरे आहे, कारण ते एकाच अनुभवाबद्दल बोलत नाहीत. ज्याने पुढे उभे राहून रुग्णाच्या नाडीवर बोटे ठेवली आणि ज्याने मागे उभे राहून तासभर मित्रांच्या पाठी पाहिल्या, त्या दोघांची हजेरी एकाच तासाला लागते, पण दोघांच्या पदरात पडलेले सारखे नसते. म्हणून लवकर न्यावे की नेऊ नये यापेक्षा, नेल्यावर विद्यार्थ्याला काम कोणते दिले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांची मते वाचतानाही मी आधी तेच शोधतो.

आधी पुस्तक आणि मग रुग्ण, ही विभागणी मुळात आली कोठून, हे थोडे समजून घेणे येथे आवश्यक आहे. १९१० साली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अमेरिका आणि कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून अहवाल दिला. त्या वेळच्या अनेक विद्यालयांत धड प्रयोगशाळाही नव्हती. त्यामुळे पहिली दोन वर्षे प्रयोगशाळेतील मूलभूत शास्त्रे आणि पुढची दोन वर्षे रुग्णालय, ही त्यांनी पुरस्कारलेली मांडणी त्या काळी मोठी सुधारणा होती. तिने शिक्षणाला शास्त्राचा पाया दिला, पण त्याबरोबर एक भिंतही उभी राहिली. त्याआधीच नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून खाटेपाशी नेले आणि वॉर्डाच्या कामात सामावून घेतले, हे खरे. तरी तेथेही वॉर्डातील ते काम शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येत असे. भिंत मोडण्याचा ठळक प्रयत्न १९५२ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात झाला. तेथे पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्याला एका गर्भवती स्त्रीच्या कुटुंबाशी जोडून दिले जाऊ लागले आणि तिच्या गरोदरपणापासून बाळाच्या वाढीपर्यंत त्याने त्या कुटुंबाच्या संपर्कात राहावे, अशी अपेक्षा होती. १९६९ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने रुग्णाच्या समस्येपासून शिकण्याची पद्धत सुरू केली. १९९३ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने पाठांतराचा बोजा कमी करून मूलभूत आणि रुग्णालयीन शिक्षण एकमेकांत गुंफण्याची शिफारस केली. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणाऱ्या, अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकातच या अनुभवासाठी वेगळे तास राखून ठेवले.

यात वेस्टर्न रिझर्व्हच्या प्रयोगाकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. त्या विद्यार्थ्याला वैद्यकशास्त्र जवळजवळ काहीच येत नव्हते, तरीही त्याच्याकडे एक नाते होते आणि त्या नात्यात एक जबाबदारी होती. कोणाला तरी त्याची वाट पाहावीशी वाटत असेल, इतके त्याचे त्या घरात स्थान होते. पंचवीस जणांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला नेमके तेच मिळत नाही.

आता विद्यार्थी काय म्हणतात ते पाहू. २००६ मध्ये टिम डॉर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील ७३ अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. लवकर मिळालेल्या रुग्णानुभवामुळे विद्यार्थ्यांचा उत्साह वाढतो, रुग्णालयाचे वातावरण परके वाटेनासे होते, रुग्णाशी बोलताना आत्मविश्वास येतो आणि ताण कमी होतो, शिकलेले अधिक खरे आणि कामाचे वाटू लागते, तसेच आपण डॉक्टर होणार आहोत ही जाणीव आकार घेऊ लागते, असे त्यातून दिसले. संवादाची व प्राथमिक तपासणीची कौशल्येही त्यातून मिळतात, असे आढळले. मी वाचलेले अभिप्राय याच्याशी मिळतेजुळते आहेत. मात्र त्याच आढाव्यात महत्त्वाच्या ठरलेल्या निष्कर्षांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वर्णनात्मक अभ्यासांतून आलेले होते आणि दोन गटांची तुलना करून काढलेले निष्कर्ष थोडे होते, हे विसरून चालणार नाही. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट आवडली आणि ती त्याला आली, या दोन वेगळ्या बाबी आहेत. कित्येकदा सर्वांत उत्साही अभिप्राय अशा फेरीनंतर येतात, जिच्यात एखादा दुर्मिळ आजार पाहायला मिळालेला असतो, आणि महिनाभराने विचारले तर त्या आजाराचे नाव सोडून फारसे काही आठवत नाही. उलट, कंटाळवाणी वाटलेली नाडीची मोजणी हातात कायमची बसते. म्हणून विद्यार्थ्यांचे मत मी नेहमी गांभीर्याने घेतो, पण त्याला परीक्षेच्या गुणांचा किंवा प्रत्यक्ष कौशल्याचा पर्याय मानत नाही. त्या मतातून मला मुख्यतः हे कळते की शिकण्याची दारे कोठे उघडली आणि कोठे अडली.

एक प्रसंग सांगतो. पक्षाघात झालेले एक साठीचे गृहस्थ वॉर्डात होते. पहिल्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांना मी त्यांच्याकडे नेले, त्यांची परवानगी घेतली आणि एका विद्यार्थिनीला सांगितले की त्यांना दात दाखवायला सांग आणि नंतर भुवया उंचावायला सांग. दात दाखवताना तोंडाचा डावा कोपरा खालीच राहिला. पेल्यातून घेतलेले पाणी त्याच बाजूने ओघळून हनुवटीवर आले होते, ते तिने शेजारच्या रुमालाने टिपले. मग त्यांनी भुवया उंचावल्या आणि कपाळावर दोन्ही बाजूंना सारख्याच आठ्या पडल्या. ती क्षणभर थांबली, त्यांना पुन्हा भुवया उंचावायला सांगितले, पुन्हा तेच झाले. बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “सर, चेहऱ्याची नस एकच आहे, मग कपाळ कसे वाचले?” चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात आणि खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून, त्यामुळे मेंदूतील बिघाडात कपाळ शाबूत राहते, आणि खुद्द नसच दुखावली असेल तर अर्धा चेहरा कपाळासकट लुळा पडतो. हे वाक्य तिच्या पुस्तकात होतेच आणि तिने ते वाचलेही होते. पण प्रश्न तिला त्या कपाळावरील आठ्यांनी पडला, आणि प्रश्न पडल्यावर मिळालेले उत्तर पुसले जात नाही. त्या दिवशीच्या अभिप्रायात तिने मज्जातंतूंबद्दल एक शब्दही लिहिला नाही. तिने लिहिले होते की पाणी टिपल्यावर ते माझ्याकडे बघून हसले, आणि हसूही एकाच बाजूला आले.

याच्या उलट घडलेला प्रसंगही सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण तो माझ्याच हातून घडला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तीस विद्यार्थ्यांना एका जलोदराच्या रुग्णाभोवती उभे केले, त्यांचे पोट उघडे केले, बोटांनी ठोकून पाणी कसे सरकते ते दाखवले आणि पाऊण तास यकृतावर बोललो. मला वाटले तास उत्तम झाला. संध्याकाळी राउंडला गेलो तेव्हा ते गृहस्थ मला म्हणाले, “एवढी सगळी मुले लिहून घेत होती, म्हणजे माझे काही फार वाईट आहे का?” त्यांच्याशी मी तासाभरात एक वाक्यही बोललो नव्हतो. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी जलोदराची तपासणी पाहिली, आणि रुग्णाशी न बोलता त्याचे पोट उघडे करता येते, हेही पाहिले. यातले दुसरे मी शिकवतो आहे, याची मला जाणीवच नव्हती. त्यानंतर मी पाचाहून अधिक विद्यार्थी एका खाटेपाशी कधी नेले नाहीत. उरलेले त्या वेळेत दुसरे काम करतात.

लेखी अभ्यासक्रमाच्या आड चालणाऱ्या या शिकवणीला वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासात छुपा अभ्यासक्रम म्हणतात. फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९४ मध्ये या कल्पनेकडे ठळकपणे लक्ष वेधले. रुग्णाला नावाने हाक मारतात की खाटेच्या क्रमांकाने, पडदा ओढून घेतात की नाही, वाईट बातमी दारात उभ्या उभ्या सांगतात की बसून, हे सारे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी फार बारकाईने टिपतो, कारण अजून त्याची नजर सरावलेली नसते. २००९ मध्ये मोहम्मदरेझा होजात आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील एका वैद्यकीय महाविद्यालयात केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी, म्हणजे नेमकी रुग्णालयीन शिक्षण सुरू होते त्या वर्षी, लक्षणीयरीत्या घसरल्याचे दिसले. म्हणजे रुग्णांच्या सहवासात राहिल्याने माणुसकी आपोआप वाढते, असे समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला वॉर्डात लवकर नेले आणि जे दिसले त्यावर कोणी त्याच्याशी बोललेच नाही, तर तो निबरपणाही लवकर शिकेल, ही भीती मला खरी वाटते. म्हणून फेरीनंतरची वीस मिनिटे मला फेरीइतकीच महत्त्वाची वाटतात. काय पाहिले, काय खटकले, कशाची भीती वाटली, हे बसून बोलायचे. तेथे चूक-बरोबर ठरवायचे नसते. पहिल्यांदा जखम पाहून ज्याला भोवळ आली, त्याला आपण या व्यवसायास नालायक आहोत असे वाटत असते, आणि शेजारी बसलेल्या चौघांनाही पोटात कालवत होते हे त्याला त्या वीस मिनिटांतच कळते.

वेळ वाया जातो म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांकडे आता वळतो. त्यांना आळशी किंवा पुस्तकी म्हणणे अन्यायाचे आहे. पहिल्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांचा भार खरोखर मोठा असतो, परीक्षा त्यावरच होते, आणि वॉर्डातील तासाचा त्या आठवड्याच्या अभ्यासाशी काही संबंध नसेल तर तो तास त्यांच्या दृष्टीने अभ्यासातून कापून घेतलेला असतो. वर्गात हाताचे स्नायू चालू असताना वॉर्डात मूत्रपिंडाचा रुग्ण दाखवला, तर दोन्ही अर्धवट राहतात. पित्तरंजकांचा अभ्यास चालू असेल त्या आठवड्यात मात्र कावीळ झालेल्या माणसाचे डोळे दिवसाच्या उजेडात पाहावेत. बिलिरुबिन हे पिवळे पित्तरंजक रक्तात दर डेसिलिटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या आत असते आणि ते दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत चढल्याशिवाय पिवळेपणा डोळ्यांना दिसत नाही, हे तेथे उभे राहून समजले म्हणजे तपासणीला रक्तचाचणीची जोड का लागते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. केशवाहिन्यांतून द्रव बाहेर ढकलणाऱ्या आणि आत ओढणाऱ्या दाबांच्या समीकरणाचा धडा चालू असताना सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून धरावा आणि तो उचलल्यावर राहिलेला खळगा पाहावा. मग हृदय थकल्याने आलेली सूज आणि लघवीतून प्रथिने गेल्याने आलेली सूज अंगठ्याखाली सारखीच लागते, पण त्यांची कारणे त्या समीकरणाच्या दोन वेगळ्या बाजूंना आहेत, हे लक्षात येते. असे झाले की वॉर्डातील तास अभ्यासातून कापला जात नाही, तो अभ्यासातच जमा होतो. ही सांगड घालणे विद्यार्थ्याच्या हातात नसते. ते काम विभागांनी एकत्र बसून करायचे असते, आणि बहुतेक ठिकाणी घोडे तेथेच अडते.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला काय काम देता येईल, असा प्रश्न सहकारीही मला विचारतात. त्याला निदान करता येत नाही, म्हणून त्याला काहीच करता येत नाही, असे नाही. खाटेपाशी जाण्यापूर्वी आणि परतताना हातांना द्रावण लावून सर्व बाजूंनी वीस ते तीस सेकंद चोळणे हे पहिले काम; ते त्याने रोज केले आणि वरिष्ठाने केले नाही तर ते त्याच्या लक्षात येईल, इतकी सवय व्हावी. श्वास मोजणे हे दुसरे. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की त्याची लय बदलते, म्हणून नाडी पाहत आहोत असे दाखवत मनगट धरून ठेवायचे, नजर छातीच्या हालचालीवर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. हे करून पाहिल्यावर विद्यार्थ्याला कळते की निरीक्षण करणाऱ्याच्या असण्यानेच निरीक्षण बदलते. तिसरे काम मला सर्वांत आवडते. एका रुग्णाबरोबर सकाळपासून राहायचे. नोंदणीच्या रांगेपासून तपासणी, रक्त देणे, औषधे घेणे आणि घरी निघणे इथपर्यंत त्याच्या सोबतीने जायचे आणि कोठे किती वेळ थांबावे लागले, कोणी काय सांगितले व त्यातले रुग्णाला काय समजले, एवढेच लिहायचे. डॉक्टरांशी झालेली गाठ चार मिनिटांची आणि थांबणे चार तासांचे, अशी नोंद विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केली की रुग्णालय त्याला खाटेच्या दुसऱ्या बाजूने दिसते. परिचारिकांबरोबर एक पूर्ण पाळी घालवणे हेही असेच मोलाचे काम आहे. माणसे कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडल्याप्रमाणे नवखा माणूस कोणत्याही व्यवसायात आधी कडेकडेने शिरतो. पण कडेला असला तरी त्याचा सहभाग खरा आणि मान्यता असलेला हवा. कडेला उभे करून ठेवणे म्हणजे सहभाग नव्हे.

रुग्णांच्या बाजूनेही एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे. विद्यार्थ्यांनी तपासावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे, आणि नकार दिल्याने उपचारांत काही फरक पडणार नाही हे त्याला आधी सांगितले गेले पाहिजे. विद्यार्थ्याची ओळख ‘आमचे डॉक्टर’ अशी करून देणे चुकीचे आहे. वॉर्डातील छायाचित्र मोबाइलमध्ये काढू नये, रुग्णाची हकिकत नावासह बाहेर बोलू नये, हे तुम्हाला सांगितले गेले असेलच. याउलट, बहुतेक रुग्ण विद्यार्थ्यांशी बोलायला राजी असतात, कारण त्यांचे सविस्तर ऐकायला वेळ असलेला वॉर्डातील कदाचित तो एकच माणूस असतो. औषध परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेतो, ही गोष्ट मला एका रुग्णाबद्दल पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडूनच कळली होती. आम्ही त्याच्या गोळ्यांची मात्रा वाढवत चाललो होतो.

आता तुमच्या लेखी मताविषयी. ‘उपक्रम चांगला आहे’ किंवा ‘उपक्रम बंद करावा’ यातले काहीही लिहिलेत तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अशी शेकडो पाने मी वाचली आहेत आणि त्यांवरून काय बदलावे हे मला कधी कळले नाही. ज्या एका कागदामुळे आमच्याकडे बदल झाला त्यावर एवढेच होते की आज सतरा जण होतो, मला रुग्ण दिसला नाही, त्यांचे नाव कोणी सांगितले नाही, आणि जे शिकवले ते आम्हाला पुढच्या वर्षी आहे. तुम्हीही असेच लिहा. किती जण होतात, तुमच्या हाती काय काम होते, त्या आठवड्याच्या अभ्यासाशी त्याचा काय संबंध होता, नंतर कोणी बसून बोलले का, आणि एखादी गोष्ट मनाला लागली असेल तर ती कोणती. समाधानी मित्रांनाही याच प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगा, म्हणजे त्यांचे समाधान नेमके कोठून आले हे शिक्षकांना कळेल आणि ते इतरांपर्यंत पोहोचवता येईल. शक्य असेल तर गट लहान करण्याची आणि संपूर्ण वर्षभर एकाच रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या संपर्कात राहू देण्याची मागणी नोंदवा. ती अवास्तव नाही. सत्तर वर्षांपूर्वी ती अमलात आली आहे.

राहिला तुमचा संकोच. तो घालवण्याची घाई करू नका. दुसऱ्याच्या दुखण्यापाशी आपण उपरे आहोत हे ज्याला जाणवते, तोच दार वाजवून आत जातो. पुढच्या फेरीच्या आधी, घोळक्याच्या अर्धा तास अगोदर, शिक्षकांची आणि सिस्टरांची परवानगी घेऊन एकटे जा. खुर्ची असेल तर बसा, म्हणजे तुमचे डोळे रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील. आपले नाव सांगा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे आणि अजून उपचारातले काही कळत नाही हे सांगा, थोडा वेळ बोललो तर चालेल का ते विचारा. नाही म्हणाले तर आभार मानून परत या. हो म्हणाले तर आजाराबद्दल विचारण्याआधी काल रात्री झोप लागली का, ते विचारा, आणि मग मध्ये न बोलता ऐका.